विंडोज आणि उबुंटू एकाच लॅपटॉपवर: बूट मेनू आपल्या सोयीने कसा लावायचा

विंडोजशेजारी उबुंटू टाकलं, दोन्ही आपापल्या जागी नीट चालतात, पण लॅपटॉप सुरू केला की नको तेच उघडतं. कुणाकडे मेनू येतच नाही, कुणाकडे येतो पण त्यात विंडोजचं नावच नसतं, तर कुणाकडे चहाचा कप खाली ठेवेपर्यंत उबुंटू सुरू झालेलं असतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी पहिल्यांदाच लिनक्स टाकणारी मुलं आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपल्यावर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स वापरून बघणारे, दोघांच्या अडचणी याच आहेत. या अडचणींसाठी कुणी फॉरमॅट मारायला सांगितलं तर थांबा. बहुतेक वेळा एका फाइलमधल्या दोन-तीन ओळी बदलून काम होतं.

हा लेख विंडोज 11 आणि उबुंटू 24.04 धरून लिहिला आहे. लिनक्स मिंट आणि डेबियनलाही जवळजवळ सगळं असंच लागू पडतं. फेडोराचा फरक त्या-त्या जागी दिला आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, मधल्या रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवून.

1. आधी हे समजून घ्या: मेनू दोन असतात

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून हा भाग घाईने वाचू नका.

पहिला मेनू लॅपटॉपच्या मदरबोर्डचा. आपण सवयीने त्याला बायोस म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये त्या जागी यूईएफआय असतं. मदरबोर्डच्या मेमरीत एक यादी साठवलेली असते: 'विंडोज बूट मॅनेजर', 'उबुंटू', पेनड्राइव्ह वगैरे. यादीत जे पहिलं, ते आधी सुरू होतं.

दुसरा मेनू ग्रबचा. ग्रब म्हणजे उबुंटूबरोबर येणारा, कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा छोटा प्रोग्राम. पहिल्या यादीत उबुंटू वर असेल तरच ग्रबची पाळी येते. ग्रब मग आपली यादी दाखवतो: उबुंटू, उबुंटूचे अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, विंडोज बूट मॅनेजर, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

आता आपला बिघाड कुठल्या मेनूतला आहे ते ओळखा.

- लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो, मध्ये काहीच दिसत नाही: अडचण पहिल्या मेनूत आहे. ग्रबच्या फाइलमध्ये कितीही बदल केले तरी फरक पडणार नाही. पायरी 4 बघा.
- थेट उबुंटू सुरू होतं, मेनू दिसत नाही: ग्रब चालू आहे, फक्त लपलेला आहे. पायरी 5.
- मेनू येतो पण विंडोज नाही: पायरी 6.
- मेनू येतो, सगळं आहे, पण आपोआप सुरू होणारं चुकीचं आहे: पायरी 7.

2. हाताशी काय हवं

- उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह, निदान 8 जीबीचा. इन्स्टॉल करताना बनवलेला असेल तर तो पुसू नका. काहीही बिघडलं तरी याच्यावरून लॅपटॉप सुरू करता येतो.
- बिटलॉकरची (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) रिकव्हरी की. हा 48 अंकी आकडा असतो. पुढच्या पायरीत सविस्तर सांगतो, पण तो कागदावर लिहिल्याशिवाय बायोसमध्ये हात घालू नका.
- महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर. मेनू बदलताना डेटाला धक्का लागत नाही, पण त्याच ओघात कुणी पार्टिशन हलवायला गेलं तर लागू शकतो.
- चार्जर जोडलेला.
- फोनचा कॅमेरा. बायोसमधल्या प्रत्येक पानाचा बदल करण्याआधी फोटो काढून ठेवा.

3. विंडोजमध्ये बसून करायची तीन कामं

पहिलं, मोड तपासा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एमएसइन्फो32' लिहा आणि एंटर मारा. उघडलेल्या पानावर 'बायोस मोड' अशी ओळ असते. तिथे यूईएफआय की लेगसी (जुन्या बायोसची पद्धत) ते बघा. मग उबुंटूत जाऊन टर्मिनलमध्ये 'एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही कमांड द्या (सिस म्हणजे एस, वाय, एस). फाइलींची नावं आली तर उबुंटूही यूईएफआयमध्ये आहे. अशी फाइल किंवा फोल्डर नाही असं उत्तर आलं तर ते लेगसीत आहे. दोन्हीकडे एकच मोड हवा. एक यूईएफआयमध्ये आणि दुसरं लेगसीत असेल तर ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू होणार नाही. अशा वेळी मेनूशी झटापट न करता उबुंटूच योग्य मोडमध्ये पुन्हा टाकणं शहाणपणाचं.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज 8 पासून ही सोय आपोआप चालू असते. 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, स्वतःचा काही भाग डिस्कवर झोपवून ठेवतं. त्यामुळे उबुंटूतून सी किंवा डी ड्राइव्ह उघडायला गेलात तर त्या फक्त वाचता येतात, त्यात काही लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' वरची खूण काढा. सेव्ह करायला विसरू नका.

तिसरं, बिटलॉकर. 'आम्ही बिटलॉकर लावलेलंच नाही' असं खूप जण सांगतात आणि इथेच फसतात. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, बहुतेक मशीनवर आपोआप सुरू होतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. चालू असेल तर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात वेबवरून लॉगिन करून, आपल्या डिव्हाइसच्या नावाखालची रिकव्हरी की उतरवून घ्या. खातं भावाचं, मित्राचं किंवा लॅपटॉप लावून देणाऱ्या दुकानदाराचं असेल तर की त्याच्या खात्यात असणार; ती आजच मागून घ्या. बायोसमधला क्रम किंवा सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामने लॅपटॉप सुरू होऊ न देणारी सोय) बदललं की विंडोज निळ्या पडद्यावर ही की मागू शकतं. की नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही, आणि यातून सोडवणारा कुणी तंत्रज्ञ नसतो.

4. पहिला मेनू: कोण आधी सुरू होणार

लॅपटॉप सुरू करताना एक बटण दाबून तात्पुरता बूट मेनू उघडता येतो. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ12, एचपीवर एस्केप आणि मग एफ9, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ12. एसरच्या बऱ्याच मॉडेलवर एफ12 चा मेनू बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो.

बटण वेळेत दाबलं जात नसेल तर दोन खात्रीचे मार्ग आहेत. विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या पानावर 'यूज अ डिव्हाइस' आलं तर त्यात उबुंटूचं नाव मिळतं, नाहीतर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं जा. उबुंटूतून 'सिस्टिमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप' ही कमांड दिली की लॅपटॉप थेट बायोसमध्ये उघडतो.

बायोसमध्ये 'बूट' किंवा 'बूट ऑर्डर' शोधा, उबुंटूला विंडोज बूट मॅनेजरच्या वर आणा, एफ10 दाबून सेव्ह करा. काही मशीनवर आधी 'ओएस बूट मॅनेजर' असं एकच नाव दिसतं. त्यावर एंटर मारल्यावर आतली यादी उघडते. एचपीच्या लॅपटॉपवर ही जागा हमखास नजरेतून सुटते.

हेच काम उबुंटूतूनही होतं. 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' लिहा. 'सुडो' म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालवणं. शेवटची तीन अक्षरं एम, जी, आर अशी, मध्ये जागा नाही. उत्तरात 'बूटऑर्डर' च्या पुढे 0001,0000,2001 असे आकडे येतात आणि खाली कुठला आकडा कुणाचा ते असतं. समजा उबुंटू 0000 आणि विंडोज 0001 आहे. मग 'सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ 0000,0001,2001' म्हणजे उबुंटू पहिलं. यादीतले सगळे आकडे लिहा. जो गाळाल तो क्रमातून बाहेर पडतो. आकड्यांत ए ते एफ ही अक्षरंही येऊ शकतात, ती तशीच लिहायची.

याच कमांडला 'ओ' ऐवजी 'एन' लावून फक्त विंडोजचा आकडा दिला, म्हणजे 'सुडो ईएफआयबूटएमजीआर -एन 0001', तर पुढच्या एकाच वेळी विंडोज सुरू होतं आणि त्यानंतर क्रम पुन्हा पहिल्यासारखा. ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे आणि फार उपयोगी आहे. बिटलॉकर चालू असलेल्या लॅपटॉपवर ग्रबमधून विंडोज उघडलं तर ते रिकव्हरी की मागू शकतं, कारण सुरू होण्याचा मार्ग बदललेला टीपीएम चिपला (बिटलॉकरची किल्ली सांभाळणारी चिप) कळतो. या कमांडने किंवा एफ12 च्या मेनूतून विंडोज उघडलं की ग्रब मध्ये येतच नाही.

5. दुसरा मेनू: ग्रब दिसू द्या

एकदाच बघायचा असेल तर लॅपटॉप सुरू करून कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदा दाबा (लेगसी मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं). एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' आणि बाणाचं टोक एवढंच दिसतं. घाबरू नका, काही उडालेलं नाही. 'नॉर्मल' लिहून एंटर मारा, मेनू परत येतो.

कायमचा दिसायला हवा असेल तर सेटिंगची फाइल उघडू. आधी तिची प्रत काढा:

सुडो सीपी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.बॅकअप

मग उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब

वरच्या भागात या ओळी सापडतील. या फाइलमध्ये डावीकडची नावं मोठ्या अक्षरांत असतात, तशीच ठेवा.

- ग्रब_डिफॉल्ट=0
- ग्रब_टाइमआउट_स्टाइल=हिडन
- ग्रब_टाइमआउट=0

'हिडन' च्या जागी 'मेनू' करा, तेही लहान अक्षरांत. टाइमआउटला 10 द्या, म्हणजे मेनू दहा सेकंद थांबेल. -1 दिलं तर तुम्ही निवड करेपर्यंत तो थांबून राहतो. घरी बसून वापरायच्या लॅपटॉपला हे चालेल, पण वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणाऱ्या ऑफिसच्या मशीनला -1 देऊ नका. मशीन मेनूवरच अडकून बसेल.

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. 'टाइमआउट = 10' असं मोकळं लिहिलं की पुढच्या कमांडला एरर येते. नवख्यांची सगळ्यात जास्त वेळा अडणारी जागा हीच.

कंट्रोल आणि ओ, एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. फाइल सेव्ह होऊन बंद झाली. पण एवढ्याने मेनू बदलत नाही. आता ही कमांड द्यायची:

सुडो अपडेट-ग्रब

ती दिल्याशिवाय केलेला कुठलाही बदल लागू होत नाही. फेडोरावर ही कमांड नाही. तिथे 'सुडो ग्रब2-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब2/ग्रब.सीएफजी' असं लिहावं लागतं.

जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत बूट फोल्डरातली 'ग्रब.सीएफजी' ही फाइल थेट उघडून बदलायला सांगितलेलं असतं. ते करू नका. ती फाइल अपडेट-ग्रब स्वतः तयार करतं आणि कर्नलचं (लिनक्सचा गाभा) प्रत्येक अपडेट आलं की नव्याने लिहून टाकतं. आज केलेला बदल पुढच्या आठवड्यात गायब झालेला दिसेल.

6. मेनूत विंडोज नसेल तर

डिस्कवर दुसरी सिस्टिम आहे का हे शोधण्याचं काम 'ओएस-प्रोबर' नावाचा छोटा प्रोग्राम करतो. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून, सुरक्षेच्या कारणाने तो मूळातच बंद ठेवलेला असतो. अपडेट-ग्रब चालवताना 'ओएस-प्रोबर विल नॉट बी एक्झिक्युटेड' अशी सूचना आली तर कारण हेच.

पायरी 5 मधल्याच फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ शोधा. तिच्या आधी हॅशचं चिन्ह असेल तर ते काढा. ओळच नसेल तर शेवटी टाइप करा. 'डिसेबल'ला 'फॉल्स' म्हणजे चालू, हे नीट बघा. घाईत 'ट्रू' लिहिलं जातं आणि मग काहीच का होत नाही ते कळत नाही. सेव्ह करा, पुन्हा अपडेट-ग्रब. आता उत्तरात 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ दिसली पाहिजे. दिसली की काम झालं.

नाहीच दिसली तर 'सुडो ओएस-प्रोबर' एकटाच चालवा. कमांडच नाही असं आलं तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओएस-प्रोबर' करून पुन्हा बघा. तरीही रिकामं उत्तर येत असेल तर पायरी 3 मधला मोड परत तपासा.

7. आपोआप काय सुरू व्हावं

पायरी 5 मधल्याच फाइलमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=0' म्हणजे यादीतलं पहिलं नाव. मोजणी शून्यापासून होते, म्हणून वरून तिसऱ्यासाठी 2. पण आकडा देणं मला पटत नाही. यादीत एखादी ओळ वाढली की आकडे सरकतात आणि विंडोजऐवजी भलतंच काही सुरू होतं.

बहुतेकांना मी हे सुचवेन:

- ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड
- ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू

दुसरी ओळ फाइलमध्ये नसते, ती स्वतः लिहायची. 'सेव्हडिफॉल्ट' हा एकच शब्द आहे, मध्ये खालची रेघ नाही. यामुळे मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी आपोआप सुरू होतं. याचा खरा फायदा विंडोज अपडेटच्या वेळी कळतो. मोठं अपडेट लागताना विंडोज दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. डिफॉल्ट उबुंटू असेल आणि तुम्ही जेवायला उठून गेलात, तर अर्ध्या अपडेटवर लॅपटॉप उबुंटूत येऊन थांबतो. 'सेव्ह्ड' असेल तर तो स्वतःहून विंडोजमध्ये परत जाऊन अपडेट पूर्ण करतो.

एक मर्यादा आहे. बूट फोल्डर बीटीआरएफएस किंवा एलव्हीएमवर (डिस्क मांडण्याच्या वेगळ्या पद्धती) असेल तर ग्रबला निवड लिहून ठेवता येत नाही. उबुंटू नेहमीच्या पद्धतीने टाकलं असेल तर हा प्रश्न येत नाही.

कायम विंडोजच हवं असेल, उदाहरणार्थ घरातले सगळे तोच लॅपटॉप वापरतात आणि लिनक्स फक्त तुम्हाला लागतं, तर आकड्याऐवजी मेनूतलं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्या. मेनूत दिसतं तसंच्या तसं, कंसातल्या डिस्कच्या नावासकट. म्हणून आधी मेनूचा फोटो काढून ठेवा.

विंडोज यादीत सगळ्यात वर दिसावं म्हणून '30_ओएस-प्रोबर' या फाइलचं नाव बदलून 09 करा, असाही सल्ला फिरतो. चालतो, पण ग्रबचं अपडेट आलं की मूळ फाइल परत येऊ शकते आणि मग मेनूत विंडोज दोनदा दिसायला लागतं. वर दिसण्यापेक्षा आपोआप सुरू होणं महत्त्वाचं, आणि ते डिफॉल्टने होतंच.

8. अक्षरं बारीक दिसत असतील तर

जास्त रिझोल्युशनच्या स्क्रीनवर ग्रबचा मेनू मुंगीच्या पावलांएवढा दिसतो. त्याच फाइलमध्ये 'ग्रब_जीएफएक्समोड' च्या ओळीपुढचं हॅश काढून 1024 एक्स 768 द्या (मधला एक्स लहान, जागा न सोडता) आणि अपडेट-ग्रब करा. रंग, थीम, पार्श्वचित्र यांच्या मागे सुरुवातीला लागू नका; ग्राफिकल कस्टमायझर वापरून बिघडवलेला मेनू सरळ करायला हाताने केलेल्या बदलापेक्षा जास्त वेळ जातो.

9. अपडेटनंतर मेनू गेला तर

विंडोजच्या किंवा बायोसच्या अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जायला लागला, तर उबुंटू पुसलं गेलंय असं समजू नका. बहुतेक वेळा फक्त पहिल्या मेनूतला क्रम बदललेला असतो. एफ12 च्या मेनूतून उबुंटू उघडा, पायरी 4 पुन्हा करा.

बायोसच्या यादीतून उबुंटूचं नावच गेलं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, 'ट्राय उबुंटू' निवडा, इंटरनेट जोडा आणि 'बूट-रिपेअर' हा प्रोग्राम टाकून त्यातला 'रेकमेंडेड रिपेअर' चालवा. नव्याने इन्स्टॉल करण्याची गरज नाही.

वेगळा बिघाड 2024 च्या ऑगस्टमध्ये खूप जणांनी अनुभवला. 13 ऑगस्टच्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर लिनक्स सुरू करताना 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' आणि त्यात एसबॅटचा (सिस्टिम सुरू करणारे जुने प्रोग्राम, म्हणजे लोडर, अडवणारी सोय) उल्लेख असलेली ओळ येऊन लॅपटॉप बंद व्हायचा. जुन्या लोडरना सिक्युअर बूटने अडवल्यामुळे ते झालं होतं. जुना पेनड्राइव्ह लावल्यावर आजही अशी ओळ दिसू शकते. तेव्हा पेनड्राइव्हवर उबुंटूची ताजी आवृत्ती घ्या. इन्स्टॉल केलेलं उबुंटूच अडलं असेल तर बिटलॉकरची की हाताशी ठेवून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटूत जाऊन 'सुडो मॉकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' द्या (मॉक म्हणजे एम, ओ, के), रीस्टार्ट करून पुन्हा उबुंटूत या, सगळी अपडेट्स घ्या आणि मगच सिक्युअर बूट परत चालू करा. ते कायमचं बंद ठेवून काम भागवणं मला योग्य वाटत नाही, आणि काही गेम तर त्याशिवाय चालतही नाहीत.

10. घड्याळाची वेळ, आणि उबुंटू काढून टाकणं

उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. बॅटरी गेलेली नाही. मदरबोर्डवरची वेळ उबुंटू जागतिक वेळ समजून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारताचा फरक 5:30 असल्याने तेवढंच अंतर पडतं. उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' दिलं की दोन्हीकडे वेळ जुळते.

उबुंटू काढून टाकायचं असेल तर क्रम पाळा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या जागी आणा, रीस्टार्ट करून लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातोय याची खात्री करा, आणि त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन डिलीट करा. उलट केलं तर ग्रबला आपल्या फाइली सापडत नाहीत आणि पुढच्या वेळी नुसता काळा पडदा येतो. आणि त्याच यादीत फॅट32 चं जे छोटं 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' दिसतं, बहुधा 100 ते 300 एमबीचं, त्याला हात लावू नका. विंडोजही तिथूनच सुरू होतं.